अश्मी अशनींचे खनिज व मूलद्रव्य विश्लेषण

अश्मी अशनींचे विश्लेषण म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर पडलेल्या दगडी अशनींमध्ये कोणती खनिजे आहेत, ती किती प्रमाणात व कोणत्या रचनेत आहेत आणि त्यांत कोणकोणती मूलद्रव्ये सामावलेली आहेत, हे ठरविण्याचा अभ्यास होय. खनिजविज्ञान, रसायनशास्त्र व भौतिकी या तिन्ही शास्त्रांच्या पद्धती त्यात एकत्र येतात. एखादा दगड खरोखर अशनी आहे किंवा नाही, तो कोणत्या गटातील आहे, कोणत्या प्रकारच्या पितृपिंडापासून तुटून आला आहे आणि त्याचे वय किती आहे, या प्रश्नांची उत्तरे अशा विश्लेषणातून मिळतात. सूर्यमालेचे वय आणि तिचे मूळ रासायनिक संघटन यांविषयीचे आजचे ज्ञान मुख्यतः अश्मी अशनींच्या अभ्यासावर उभे आहे.

संज्ञा

वातावरणात शिरलेला अवकाशीय पदार्थ तापून जो प्रकाशाचा पट्टा उमटवतो त्यास उल्का म्हणतात, तर वातावरणातून वाचून जमिनीवर पोहोचलेल्या पिंडास अशनी म्हणतात. संस्कृत भाषेत ‘अशनि’ या शब्दाचा अर्थ वज्र किंवा वीज असा आहे. आकाशातून पडलेला दगड आणि आकाशातून कोसळणारी वीज यांची सांगड अनेक देशांतील लोकसमजुतींत घातलेली आढळते. अठराव्या शतकातील युरोपीय शास्त्रज्ञांच्या विचारांतही ती होती, हे पुढील इतिहासावरून दिसून येईल.

अशनींचे स्थूलमानाने अश्मी, लोही व अश्मी-लोही असे तीन प्रकार केले जातात. पडताना प्रत्यक्ष पाहिल्या गेलेल्या अशनींपैकी सुमारे ९४ टक्के अश्मी असतात, सुमारे ५ टक्के लोही असतात आणि उरलेले सुमारे १ टक्का अश्मी-लोही असतात. लोही अशनी वजनाने व रूपाने सहज वेगळे ओळखू येतात. अश्मी अशनी मात्र काही वर्षांतच सामान्य खडकासारखे दिसू लागतात. त्यामुळे त्यांची ओळख पटविण्यासाठी प्रयोगशाळेतील विश्लेषणाला पर्याय नसतो.

इतिहास

१३ सप्टेंबर १७६८ रोजी फ्रान्समधील ल्युसे या गावी एक दगड पडला. त्याची तपासणी पॅरिसच्या विज्ञान अकादमीने केली. तपासणाऱ्यांमध्ये आंत्वान लव्हॉयझर हे तरुण रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी संपूर्ण दगडाची एकत्र पूड करून रासायनिक परीक्षण केले आणि हा पायराइटयुक्त वालुकाश्म असून त्यावर वीज पडली असावी, असा निष्कर्ष काढला. रासायनिक काम काळजीपूर्वक केलेले होते. तथापि वेगवेगळे घटक आधी अलग न केल्यामुळे या दगडाचे वेगळेपण लक्षात आले नाही.

१७९४ मध्ये जर्मन भौतिकीविज्ञ एर्न्स्ट ख्लाडनी यांनी असे पिंड पृथ्वीबाहेरून येतात, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. सुरुवातीला त्याकडे साशंकतेने पाहिले गेले. या प्रश्नाला निर्णायक वळण मिळण्यात भारतात पडलेल्या एका अशनीचा मोठा वाटा आहे. १९ डिसेंबर १७९८ रोजी संध्याकाळी बनारसजवळील क्राखुट या गावी अनेक दगड पडले. त्यांचे नमुने इंग्लंडला पोहोचले. एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने बनारस, इटलीतील सिएना, इंग्लंडमधील वोल्ड कॉटेज आणि बोहीमियातील टाबोर येथील दगडांचे तुलनात्मक विश्लेषण करून १८०२ मध्ये ते रॉयल सोसायटीपुढे मांडले.

हॉवर्ड यांची पद्धत लव्हॉयझर यांच्यापेक्षा एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळी होती. खनिजविज्ञ झाक-लुई द बूर्नों यांनी प्रत्येक दगडाचे चार घटक हाताने वेगळे केले : गोलसर कण, पिवळसर गंधकयुक्त खनिज, लोखंडाचे कण आणि या सर्वांना धरून ठेवणारा मातकट भाग. हॉवर्ड यांनी प्रत्येक घटकाचे स्वतंत्र विश्लेषण केले. लोखंडाच्या कणांत त्यांना निकेल आढळले. एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर, वेगवेगळ्या वर्षी पडलेल्या दगडांचे संघटन एकसारखे असून त्यांतील लोखंडात निकेल आहे, ही गोष्ट स्थानिक खडक किंवा वीज यांच्या आधारे स्पष्ट करता येण्यासारखी नव्हती. त्यानंतर २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेगल येथे अशनींचा वर्षाव झाला. झां-बातिस्त बिओ यांनी त्या ठिकाणी जाऊन केलेल्या चौकशीनंतर अशनी अवकाशातून येतात, हे बहुतेक शास्त्रज्ञांनी मान्य केले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेन्री सॉर्बी यांनी खडकाचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत अशनींना लावली. गोलसर कण हे एके काळी वितळलेले थेंब होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जर्मनीतील गुस्ताफ रोझे व ऑस्ट्रियातील गुस्ताफ चेर्माक यांनी खनिजांवर आधारित वर्गीकरणाचा पाया घातला. विसाव्या शतकात जॉर्ज प्रायर (१९१६), हॅरल्ड युरी व हार्मन क्रेग (१९५३) आणि रँडॉल्फ व्हॅन श्मूस व जॉन वुड (१९६७) यांच्या कार्यामुळे आजचे वर्गीकरण आकारास आले.

वर्गीकरण

अश्मी अशनींचे दोन मुख्य वर्ग आहेत.

कॉन्ड्राइट : यांमध्ये सामान्यतः एक मिलिमीटरच्या आसपास व्यासाचे गोलसर कण असतात. कण या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांना कॉन्ड्र्यूल हे नाव मिळाले व त्यांवरून अशनींच्या वर्गाला कॉन्ड्राइट म्हणू लागले. ज्या पिंडांमध्ये हे अशनी तयार झाले ते पिंड कधीही पूर्णपणे वितळले नाहीत. म्हणून कॉन्ड्राइटांमध्ये सूर्यमालेतील आद्य द्रव्य बऱ्याच अंशी टिकून राहिले आहे. पडताना पाहिलेल्या अशनींपैकी सुमारे ८६ टक्के अशनी कॉन्ड्राइट असतात. त्यांचे सामान्य, कार्बनयुक्त व एन्स्टॅटाइट असे मुख्य उपप्रकार आहेत.

अकॉन्ड्राइट : यांमध्ये कॉन्ड्र्यूल नसतात. पितृपिंड वितळून धातू व सिलिकेटे वेगळी झाल्यानंतर, पृथ्वीवरील अग्निज खडकांप्रमाणे हे तयार झाले. व्हेस्टा या लघुग्रहाशी संबंधित मानले जाणारे हॉवर्डाइट, यूक्राइट व डायोजेनाइट, तसेच चंद्रावरून व मंगळावरून आलेले अशनी या वर्गात येतात. हॉवर्डाइट हे नाव वर उल्लेखिलेल्या एडवर्ड हॉवर्ड यांच्या स्मरणार्थ आहे.

खनिज संघटन

सामान्य कॉन्ड्राइटांमध्ये पुढील खनिजे प्रमुख असतात.

ऑलिव्हीन : मॅग्नेशियम व लोह यांचे सिलिकेट. बहुतेक सामान्य कॉन्ड्राइटांमध्ये हे सर्वांत विपुल खनिज असते. त्यात मॅग्नेशियम व लोह एकमेकांची जागा घेऊ शकतात. लोहयुक्त टोकाच्या घटकास फायालाइट म्हणतात. ‘फायालाइट २५’ याचा अर्थ असा, की त्या जागांवरील दर १०० अणूंपैकी २५ लोहाचे व ७५ मॅग्नेशियमचे आहेत.

पायरोक्सीन : हेही मॅग्नेशियम-लोहाचे सिलिकेट असून त्यात सिलिकाचे प्रमाण ऑलिव्हीनपेक्षा अधिक असते. कॅल्शियम कमी असलेले व कॅल्शियम अधिक असलेले असे दोन्ही प्रकार आढळतात.

प्लॅजिओक्लेज : सोडियम, कॅल्शियम व ॲल्युमिनियम यांचे सिलिकेट. फारशा न तापलेल्या अशनींमध्ये याऐवजी काच आढळते.

लोह-निकेल मिश्रधातू : याची कामासाइट व टेनाइट ही दोन रूपे आहेत. कामासाइटमध्ये निकेल कमी, साधारणतः ५ ते ७ टक्के असते. टेनाइटमध्ये ते २० टक्क्यांहून अधिक असते. पृथ्वीच्या कवचात धातुरूप लोह अतिशय दुर्मिळ असल्यामुळे हे कण अशनीची महत्त्वाची खूण ठरतात.

ट्रॉयलाइट : लोहाचे सल्फाइड. यात लोह व गंधक यांचे अणू समप्रमाणात असतात. पृथ्वीवरील खडकांत त्याऐवजी बहुधा पायराइट किंवा पायऱ्होटाइट आढळते.

यांखेरीज क्रोमाइट तसेच मेरिलाइट व ॲपेटाइट ही फॉस्फेटे अल्प प्रमाणात असतात.

कार्बनयुक्त कॉन्ड्राइटांचे चित्र वेगळे असते. त्यांपैकी काहींमध्ये पाणी धारण करणारी मृत्तिका खनिजे, कार्बोनेटे, मॅग्नेटाइट व सेंद्रिय संयुगे आढळतात. ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर १९६९ रोजी पडलेल्या मर्चिसन अशनीमध्ये अमिनो आम्ले आढळल्याचे पुढील वर्षी जाहीर झाले. मेक्सिकोमध्ये ८ फेब्रुवारी १९६९ रोजी पडलेल्या अयेंदे अशनीमध्ये कॅल्शियम व ॲल्युमिनियम यांनी समृद्ध असे पांढुरके ठिपके आहेत. असे ठिपके म्हणजे सूर्यमालेत तयार झालेले सर्वांत जुने ज्ञात घन पदार्थ असून त्यांचे वय सुमारे ४५६.७ कोटी वर्षे आहे.

काही खनिजे प्रथम भारतात पडलेल्या अशनींमध्ये ओळखली गेली. उत्तर प्रदेशातील बस्ती येथे १८५२ मध्ये पडलेल्या अशनीत नेव्हिल स्टोरी-मॅस्कलाइन यांना कॅल्शियम सल्फाइडचे खनिज आढळले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांच्यावरून त्यास ओल्डहॅमाइट असे नाव देण्यात आले. दमट हवेत हे खनिज टिकत नाही. अत्यंत ऑक्सिजनन्यून परिस्थितीतच ते तयार होत असल्यामुळे पितृपिंडाच्या जडणघडणीविषयी ते मोलाची माहिती देते. बिहारमधील शेरघाटी येथे १८६५ मध्ये पडलेल्या अशनीत चेर्माक यांना प्लॅजिओक्लेजपासून आघातामुळे बनलेला काचेसारखा पदार्थ आढळला. त्यास मॅस्कलिनाइट म्हणतात. शेरघाटीचा अशनी पुढे मंगळावरून आलेला ठरला आणि त्या प्रकारच्या सर्व अशनींना शेरगॉटाइट हे नाव मिळाले.

मूलद्रव्यांचे संघटन

सामान्य कॉन्ड्राइटांमध्ये वजनाने ऑक्सिजन, लोह, सिलिकॉन व मॅग्नेशियम ही चार मूलद्रव्ये मिळून ९० टक्क्यांहून अधिक भाग व्यापतात. त्यानंतर गंधक (सुमारे २ टक्के), निकेल, कॅल्शियम व ॲल्युमिनियम (प्रत्येकी १ टक्क्याच्या आसपास) यांचा क्रम लागतो. सोडियम, क्रोमियम व मँगॅनीज यांचे प्रमाण १ टक्क्याहून कमी असते.

या अशनींमध्ये लोह तीन अवस्थांत असते : मिश्रधातूत मुक्त धातू म्हणून, ट्रॉयलाइटमध्ये गंधकाशी संयुक्त होऊन आणि ऑलिव्हीन व पायरोक्सीनमध्ये ऑक्सिजनशी संयुक्त होऊन. एकूण लोह किती आणि ते या तीन अवस्थांत कसे विभागले आहे, यावरून सामान्य कॉन्ड्राइटांचे तीन गट पडतात. त्यांची सरासरी वजनी टक्केवारी स्थूलमानाने पुढीलप्रमाणे आहे.

एच गट (एकूण लोह अधिक) : एकूण लोह सुमारे २७.५, त्यांपैकी धातुरूप १६, सल्फाइडमध्ये ३.५, सिलिकेटांमध्ये ८. ऑलिव्हीनमधील फायालाइट साधारणतः १६ ते २०.

एल गट (एकूण लोह कमी) : एकूण लोह सुमारे २२, त्यांपैकी धातुरूप ७, सल्फाइडमध्ये ३.७, सिलिकेटांमध्ये ११.३. फायालाइट साधारणतः २२ ते २६.

एलएल गट (एकूण लोह कमी व धातूही कमी) : एकूण लोह सुमारे १९.६, त्यांपैकी धातुरूप २.४, सल्फाइडमध्ये ३.७, सिलिकेटांमध्ये १३.५. फायालाइट साधारणतः २७ ते ३२.

या आकड्यांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. सल्फाइडमधील लोह तिन्ही गटांत जवळपास सारखेच आहे. पण धातुरूप लोह जसजसे कमी होते तसतसे सिलिकेटांमधील लोह वाढते. दुसरी गोष्ट निकेलची. निकेल लोहाइतक्या सहजपणे ऑक्सिजनशी संयोग पावत नाही. त्यामुळे ते बहुतांशी धातूतच राहते. एच गटात एकूण निकेल सुमारे १.७ टक्के असते व ते १६ टक्के लोहाबरोबर मिसळलेले असते; म्हणून मिश्रधातूतील निकेल सुमारे १० टक्के भरते. एल गटात १.२ टक्के निकेल ७ टक्के लोहात असल्यामुळे हेच प्रमाण सुमारे १५ टक्के होते. एलएल गटात ते ३० टक्क्यांच्या आसपास जाते. कॉन्ड्राइटमधील धातू जितका कमी तितका तो निकेलने समृद्ध आणि सिलिकेटे लोहाने समृद्ध, हा संबंध प्रायर यांनी १९१६ मध्ये दाखवून दिला. तो प्रायर यांचे नियम या नावाने ओळखला जातो. तथापि तिन्ही गटांतील एकूण लोह सारखे नसल्यामुळे केवळ ऑक्सिडीकरणाने त्यांच्यातील फरक पूर्णपणे स्पष्ट होत नाही, हे युरी व क्रेग यांनी १९५३ मध्ये निदर्शनास आणले.

अल्पांश मूलद्रव्यांपैकी इरिडियम विशेष महत्त्वाचे आहे. ते लोहाबरोबर राहणारे मूलद्रव्य असल्यामुळे पृथ्वीवरील बहुतांश इरिडियम गाभ्यात गेले. कवचात त्याचे प्रमाण अत्यल्प आहे. कॉन्ड्राइटांमध्ये मात्र ते वजनाने दर शंभर कोटी भागांत सुमारे ५०० भाग असते. १९८० मध्ये लुईस व वॉल्टर अल्व्हारेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रिटेशस कालखंडाच्या अखेरच्या मातीच्या थरात इरिडियमचे असाधारण प्रमाण दाखवून दिले आणि त्यावरून मोठ्या अवकाशीय आघाताची कल्पना मांडली. अशनींच्या विश्लेषणातून मिळालेले आकडे हाती नसते तर त्या थराचा अर्थ लागला नसता.

विश्लेषणाच्या पद्धती

प्राथमिक निरीक्षण : ताज्या अश्मी अशनीवर बहुधा एक मिलिमीटरहून कमी जाडीचे काळे वितळ-कवच असते. घनता सामान्य खडकांपेक्षा अधिक असते आणि धातूच्या कणांमुळे बहुतेक कॉन्ड्राइट चुंबकाकडे ओढले जातात. घासलेल्या कडेवर धातूचे चकाकणारे ठिपके दिसू शकतात. निकेलची जलद चाचणी डायमिथिल ग्लायॉक्झिम या रसायनाने करतात. निकेल असल्यास गुलाबी-लाल रंग येतो. या सर्व खुणा केवळ प्राथमिक होत. भट्टीतील धातुमळी, मॅग्नेटाइट व बेसाल्ट यांच्या बाबतीत फसगत होण्याची शक्यता असते.

सूक्ष्मदर्शकीय परीक्षण : नमुन्याचा सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीचा पारदर्शक काप काचेवर बसवून ध्रुवित प्रकाशात पाहतात. प्रत्येक खनिजाचे रंग व प्रकाश विझण्याचे कोन ठरावीक असल्यामुळे खनिजे ओळखता येतात. धातू व सल्फाइड अपारदर्शक असल्याने त्यांच्यासाठी चकचकीत पृष्ठभागावरून परावर्तित प्रकाश वापरतात. कॉन्ड्र्यूलांच्या कडा किती स्पष्ट आहेत, यावरून व्हॅन श्मूस व वुड यांच्या पद्धतीनुसार १ ते ६ असा शिलाप्रकार ठरवितात. प्रकार ३ सर्वांत कमी बदललेला असतो. ३ ते ६ या दिशेने उष्णतेमुळे झालेला बदल वाढत जातो, तर २ व १ हे प्रकार पाण्यामुळे झालेला बदल दर्शवितात. गुजरातमधील धजाला येथे २८ जानेवारी १९७६ रोजी पडलेला अशनी एच गटातील प्रकार ३ चा आहे.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मशोधक : फ्रान्समधील रेमों कास्तँ यांनी १९५१ च्या सुमारास हे उपकरण विकसित केले. इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत खनिजाच्या सुमारे एक मायक्रोमीटर रुंदीच्या भागावर सोडला, की तेथील मूलद्रव्यांमधून ठरावीक तरंगलांबीचे क्ष-किरण बाहेर पडतात. ज्ञात प्रमाणकांशी तुलना करून त्यांच्या तीव्रतेवरून प्रत्येक मूलद्रव्याचे प्रमाण काढतात. ऑलिव्हीनमधील फायालाइट ठरविण्याची ही आजची सर्वमान्य पद्धत आहे.

क्ष-किरण विवर्तन : पूड केलेल्या नमुन्यावर क्ष-किरण टाकून स्फटिकांतील अणुथरांमधील अंतरे मोजतात. एकच रासायनिक संघटन असूनही वेगळी स्फटिकरचना असणारी खनिजे यामुळे ओळखता येतात. रामन वर्णपटविज्ञानानेही नमुन्यास हानी न पोहोचविता असे काम करता येते.

मॉसबाउअर वर्णपटविज्ञान : या पद्धतीत लोहाच्या अणुकेंद्रांनी गॅमा किरण शोषून घेण्याचे स्वरूप तपासतात. ऑलिव्हीन, पायरोक्सीन, ट्रॉयलाइट व मिश्रधातू यांमधील लोह वर्णपटात वेगवेगळे दिसते. त्यामुळे लोहाची विभागणी एकाच मोजणीत कळते.

ओले रासायनिक विश्लेषण : नमुना विरघळवून मूलद्रव्ये एकेक करून अवक्षेपित करण्याची व तोलण्याची ही जुनी पद्धत आहे. धातुरूप, सल्फाइडमधील व सिलिकेटांमधील लोह वेगळे मोजण्यासाठी विशिष्ट द्रावणाने आधी केवळ धातू विरघळवून घेतात. वेळखाऊ असूनही या पद्धतीने मिळालेली विश्लेषणे आजही तुलनेसाठी प्रमाण मानली जातात.

उपकरणीय पद्धती : प्रमुख मूलद्रव्यांसाठी क्ष-किरण अनुस्फुरण वापरतात. अल्पांश मूलद्रव्यांसाठी न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषण व प्लाझ्मा वस्तुमान वर्णपटमापन उपयोगी पडते. न्यूट्रॉन सक्रियणात नमुना अणुभट्टीत ठेवून त्यातील मूलद्रव्ये किरणोत्सारी बनवितात व त्यांच्या गॅमा किरणांवरून प्रमाण काढतात. इरिडियमसारख्या मूलद्रव्यांच्या बाबतीत ही पद्धत अत्यंत संवेदनशील आहे.

समस्थानिकांचे मापन : ऑक्सिजनच्या १६, १७ व १८ या तीन स्थिर समस्थानिकांची गुणोत्तरे वेगवेगळ्या पितृपिंडांत वेगवेगळी असतात. एखादा अशनी कोणत्या कुळातील आहे हे ठरविण्यासाठी ही कसोटी विशेष विश्वसनीय मानली जाते. रॉबर्ट क्लेटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये अयेंदे अशनीवरील अभ्यासातून या क्षेत्रास चालना दिली. वय काढण्यासाठी युरेनियम-शिसे यांसारख्या किरणोत्सारी जोड्या वापरतात. क्लेअर पॅटरसन यांनी तीन अश्मी व दोन लोही अशनींमधील शिशाच्या समस्थानिकांवरून १९५६ मध्ये पृथ्वीचे व अशनींचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे दाखविले.

महाराष्ट्रातील उदाहरणे

२२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात अशनीचे अनेक तुकडे पडले. तपासणीअंती हा अशनी एल गटातील, शिलाप्रकार ६ चा सामान्य कॉन्ड्राइट ठरला. म्हणजेच तो एकूण लोह कमी असलेल्या गटातील असून, त्याच्या पितृपिंडात झालेल्या तापनामुळे त्यातील कॉन्ड्र्यूलांच्या कडा पुसट झाल्या आहेत. या प्रकारचे अशनी दुर्मिळ नाहीत. परंतु काटोलच्या अशनीतील काळ्या, वितळून गोठलेल्या बारीक शिरांमुळे त्यास वेगळे महत्त्व लाभले. पितृपिंडावर दुसरा पिंड आदळला तेव्हा त्या शिरा तयार झाल्या.

या शिरांमध्ये ब्रिजमनाइट हे खनिज असल्याचे खरगपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधक व त्यांचे सहकारी यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. पृथ्वीच्या खालच्या प्रावरणातील हे सर्वांत विपुल खनिज मानले जाते. प्रावरणाचा तो भाग सुमारे ६६० किलोमीटर खोलीच्या खाली असल्यामुळे तेथील नमुना प्रत्यक्ष मिळविणे शक्य नाही. आणि दाब नाहीसा झाल्यावर हे खनिज सहसा टिकत नाही. काटोलमधील ब्रिजमनाइटमध्ये लोह व ॲल्युमिनियम दोन्ही असून त्याचे संघटन प्रयोगशाळेत उच्च दाबाखाली बनविलेल्या खनिजाशी जवळून जुळते. ते सुमारे २३ ते २५ गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दोन लाखांहून अधिक पट दाबाखाली तयार झाले असावे, असा अंदाज आहे. आकाशातून पडलेल्या दगडाच्या केसाएवढ्या शिरेतून पृथ्वीच्या अंतर्भागाविषयी माहिती मिळावी, हे या शाखेच्या व्याप्तीचे उत्तम उदाहरण होय.

खानदेशातील मानेगाव येथे १८४३ मध्ये पडलेला अशनी डायोजेनाइट प्रकारचा, म्हणजे मुख्यतः पायरोक्सीनचा बनलेला अकॉन्ड्राइट आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवर बेसाल्टमध्ये झालेल्या आघाताने तयार झाले असले, तरी तेथे मूळ अशनीचा तुकडा सापडलेला नाही. त्यामुळे आघातात वितळलेल्या काचेसारख्या गोळ्यांमध्ये निकेल, कोबाल्ट व क्रोमियम यांचे प्रमाण आसपासच्या बेसाल्टपेक्षा किती अधिक आहे, हे पाहून आदळलेल्या पिंडाच्या प्रकाराचे अनुमान केले जाते.

मर्यादा व दक्षता

अश्मी अशनी एकजिनसी नसतात. एखाद्या ग्रॅमच्या तुकड्यात धातूचा एक मोठा कण आला तरी लोहाची टक्केवारी बदलते. म्हणून संपूर्ण अशनीचे सरासरी संघटन काढण्यासाठी शक्यतो दहा किंवा अधिक ग्रॅम नमुन्याची पूड करून त्यातील भाग वापरतात. मात्र पूड केलेला भाग कायमचा नष्ट होतो. लहान अशनींच्या बाबतीत किती भाग विश्लेषणासाठी खर्च करावा आणि किती भाविकाळातील अधिक प्रगत पद्धतींसाठी राखून ठेवावा, याचा निर्णय प्रत्येक वेळी विचारपूर्वक घ्यावा लागतो.

दुसरी अडचण पृथ्वीवरील अपक्षयाची आहे. पाणी व हवा यांमुळे धातूचे कण गंजतात, सल्फाइड नष्ट होते आणि मातीतील क्षार व सेंद्रिय द्रव्ये आत शिरतात. भारतासारख्या पावसाळी प्रदेशात एका पावसाळ्यानेही लक्षणीय फरक पडू शकतो. याउलट अंटार्क्टिकातील बर्फात व वाळवंटांत अशनी दीर्घकाळ टिकतात. ताज्या अशनींमध्ये विश्वकिरणांमुळे निर्माण झालेले अल्पायुषी किरणोत्सारी समस्थानिक असतात. उदाहरणार्थ, सोडियम-२२ चे अर्धायुष्य केवळ २.६ वर्षे आहे. त्यामुळे नमुना जितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचेल तितकी अधिक माहिती हाती लागते.

या कारणांमुळे नव्याने पडलेला अशनी पाण्याने धुतला जात नाही, उघड्या हाताने शक्यतो हाताळला जात नाही आणि कोरड्या, स्वच्छ वेष्टनात ठेवला जातो. शक्तिशाली चुंबक लावल्यास अशनीत जतन झालेली प्राचीन चुंबकत्वाची नोंद पुसली जाते. म्हणून चुंबकाची लोकप्रिय चाचणीही जपून करावी लागते. पडल्याचे ठिकाण, वेळ व दिशा यांची नोंद नमुन्याइतकीच मोलाची असते. भारतात पडलेल्या अशनींचा मोठा संग्रह भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे कोलकाता येथे आहे. अहमदाबाद येथील भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत अशनींच्या अभ्यासाची दीर्घ परंपरा आहे.

महत्त्व

फ्रान्समध्ये १८६४ मध्ये पडलेल्या ऑर्गेय अशनीसारख्या सीआय गटातील कार्बनयुक्त कॉन्ड्राइटांचे संघटन, हायड्रोजन व हीलियम यांसारखी वायुरूप मूलद्रव्ये आणि लिथियम असे काही अपवाद वगळता, सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाच्या संघटनाशी जुळते. त्यामुळे विश्वरसायनशास्त्रात मूलद्रव्यांच्या विपुलतेचे कोष्टक तयार करताना या अशनींचा आधार घेतला जातो.

विश्लेषणाने काढलेले निष्कर्ष पुढे स्वतंत्र पुराव्यांनी पडताळले गेले आहेत. अंटार्क्टिकात सापडलेल्या एका अशनीतील काचेत अडकलेल्या वायूंचे संघटन व्हायकिंग यानांनी १९७६ मध्ये मोजलेल्या मंगळाच्या वातावरणाशी जुळल्याचे १९८३ मध्ये दाखविले गेले. जपानच्या हायाबुसा यानाने २०१० मध्ये इतोकावा या लघुग्रहावरून आणलेल्या कणांतील खनिजे एलएल गटातील कॉन्ड्राइटांशी जुळली. सामान्य कॉन्ड्राइट लघुग्रहांवरून येतात, या दीर्घकाळ केवळ अनुमानाच्या स्वरूपात असलेल्या मताला त्यामुळे थेट पुरावा मिळाला. बनारसच्या दगडातील लोखंडी कण वेगळे करून त्यांत निकेल शोधण्यापासून सुरू झालेली ही परंपरा आज अवकाशयानांनी आणलेल्या धूलिकणांपर्यंत पोहोचली आहे. घटक वेगळे करणे, प्रत्येकाचे संघटन मोजणे आणि निरनिराळ्या नमुन्यांची तुलना करणे हे तिचे मूळ सूत्र मात्र कायम आहे.